मेलिनची पाटी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडं पाककृती मागितली होती. "घरच्या घरी व्हेज मंचुरियन, सोप्या भाषेत," असं फोनवर म्हणाले. मी नाही म्हटलं. मंचुरियन आता लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या शेजारी असतं, त्याची कृती कुणीही सांगेल. मला दुसरं काही सांगायचंय, ते छापणार असाल तर लिहिते, असं म्हटल्यावर ते "बरं, लिहा" म्हणाले. म्हणून हे.

मी सुमन. माहेर वैजापूर तालुक्यातलं, कांदा-कपाशीचं. सासर औरंगाबादचं, शहराचं नाव आता बदललं, पण जुन्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या तोंडात जुनंच येतं. अर्ध्याहून जास्त आयुष्य मी चिनी स्वयंपाक करण्यात घालवलं. लोक विचारतात, "तुम्ही मराठ्याच्या, वैजापूरच्या, आणि चायनीज?" आधी मी खुलासे द्यायची. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, घरात अडचण होती, असं काहीबाही. आता देत नाही. वैजापूरच्या बाईनं चिनी स्वयंपाक शिकू नये असं कुठं लिहून ठेवलंय?

कारखाना मात्र खरंच बंद पडला होता. चिकलठाण्याला हे फिटर होते. गेटला कुलूप लागलं आणि हे घरी बसले. औरंगपुऱ्यात एका गल्लीच्या तोंडाशी एक लहान हॉटेल होतं, लाल दाराचं. पाटीवर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'मेलिन चायनीज भोजनालय'. शेजारच्या बेकरीवाल्या यूसुफभाईंकडून मी पाव घ्यायची. त्यांनीच सांगितलं, "बाई, बाजूवाल्या आंटीला एक औरत पाहिजे. किचनमदी. जाऊन तर पाहा."

मेलिन आंटी माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. बुटकी, केस मानेपर्यंत कापलेले, पदर खोचावा तसा ॲप्रन खोचलेला. तिचं हिंदी आसामकडचं, वर आमच्या गावची दखनी चढलेली. तिनं मला नाव-गाव काही विचारलं नाही. मैद्याची एक पातळ पुरी हातावर ठेवली, त्यात चिरलेल्या कोबीचं सारण घातलं आणि म्हणाली, "बंद करो. पानी में खुलना नहीं मंगता."

आपण करंजीला घालतो तशी मी मुरड घातली. माझ्या आईची मुरड सगळ्या भावकीत नावाजलेली. आंटीनं ती करंजी उजेडात फिरवून पाहिली, उकळत्या पाण्यात सोडली, वर येईपर्यंत तिथंच उभी राहिली. सुटली नाही. "कल से आओ," म्हणाली. झाली माझी मुलाखत.

या धंद्याबद्दल लोकांना वाटतं की मोठा जाळ करायचा आणि कढई उडवायची, झालं. कढईचं काम थोडं असतं. खरं काम पाटावरचं. गाजर, कोबी, कांद्याची पात, सगळं एका मापाचं चिरायचं. एक तुकडा जाड राहिला तर तो कच्चा राहतो आणि बाकीचे करपतात. सगळं हाताशी मांडून झाल्याशिवाय चूल पेटवायची नाही. आंटी सांगायची, तिच्या पूर्वजांच्या मुलखात सरपणाची टंचाई, म्हणून बारीक चिरायचं आणि झटक्यात शिजवायचं, ही पद्धत पडली. मला ते लगेच पटलं. आमच्याकडं कपाशीच्या वाळल्या पळाट्या जाळून चूल चालायची. जाळ भडकतो आणि विझतो. तेवढ्यात भाजी झाली पाहिजे. आम्ही मात्र तरीही वांगं अख्खं टाकत होतो, आणि मग फुंकत बसत होतो.

आंटी हक्का जातीची. जात म्हणजे आपल्यासारखी नव्हे, तो एक समाज. हक्का या शब्दाचा अर्थच मुळी पाहुणे. कधीकाळी हे लोक चीनच्या उत्तरेकडून लढाया आणि दुष्काळाच्या कचाट्यातून दक्षिणेला आले. दक्षिणेच्या लोकांनी म्हटलं, पाहुणे आले. शेकडो वर्षं झाली तरी पाहुणेच. त्यातले काही पुढं आसामात चहाच्या मुलखात आले, तिथंही पाहुणे. तुम्ही गाडीवर उभं राहून 'हक्का नूडल्स' मागता ना, ते नाव या लोकांचं आहे.

उत्तरेत होते तेव्हा ते गव्हाचं खायचे, सणाला करंज्या करायचे. दक्षिणेत गहू नाही. मग सारण भरायचं कशात? त्यांनी ते सोयाबीनच्या पनीरात भरलं, कारल्यात भरलं, वांग्यात भरलं. आंटीनं पहिल्यांदा भरलं वांगं केलं तेव्हा मी हसले. म्हटलं, "आंटी, हे आमचं." ती म्हणाली, "तुम्हारे में पीठ नहीं था क्या?" मी म्हटलं, होतं की. "तो फिर शौक से भरते तुम लोग. हम मजबूरी से भरे."

तिची मोठी गोष्ट मला पुढं कळली, तीही तुकड्या-तुकड्यांनी. चीनशी लढाई झाली त्या साली ती दहा-एक वर्षांची होती. जन्म आसामचा, वडलांचं तिथं सुतारकामाचं दुकान. एक दिवस पोलीस आले, घरच्या सगळ्यांना गाडीत बसवलं आणि कित्येक दिवसांच्या प्रवासानं राजस्थानात तारेच्या कुंपणाच्या छावणीत नेऊन ठेवलं. गुन्हा काय, तर चेहरा आणि आडनाव. तिथं असताना त्यांचं नवीन वर्ष आलं. शिध्यात कणीक मिळायची. आंटीची आजी त्या कणकेकडं बघत बसली आणि मग म्हणाली, "इतक्या पिढ्यांनी गहू पुन्हा आपल्या हातात आलाय. करंज्या करा." बटाट्याचं सारण भरून त्या छावणीतल्या बायकांनी करंज्या केल्या. त्यांच्याकडं या करंजीला सोन्याच्या लगडीचा आकार देतात, नव्या वर्षात घरात सोनं यावं म्हणून. आपण आपट्याच्या पानाला सोनं म्हणतो त्यातलंच. घर नाही, दुकान नाही, पुढं काय ठाऊक नाही, आणि बायका वाळूत बसून सोन्याच्या लगडी वळताहेत. आंटी हे सांगताना रडली नाही. मैदा मळत होती. मळतच राहिली.

सुटल्यावर त्यांच्या दुकानात दुसरंच कुणी बसलेलं होतं. पुढं आंटीचं लग्न एका हक्का स्वयंपाक्याशी झालं. तो वेरूळ-अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या एका मोठ्या हॉटेलात कामाला म्हणून इकडं आला, मग त्यानं औरंगपुऱ्यात स्वतःचं काढलं, बायकोच्या नावानं. मी कामाला लागले तेव्हा तो वारला होता. आंटी एकटी सगळं ओढायची. आणि दरवर्षी ठरल्या दिवशी धुतलेली साडी नेसून पोलिसांच्या कचेरीत हजेरी लावून यायची, आपण इथंच आहोत हे सांगायला. जन्म आसामचा, तरी परदेशी. त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे.

गिऱ्हाइकांपुढं मात्र ती कुणाला भीत नसे, निदान पदार्थाच्या बाबतीत. एक ठेकेदार घरच्यांना घेऊन आला होता. मुलाचा वाढदिवस. नूडल्स मागवल्या आणि वेटरला म्हणाला, पोराला खाता येत नाहीत, बारीक कापून आण. आंटीच्या कानावर गेलं. ती हात पुसत बाहेर आली.

"बर्थडे है इसका?"

"हो. का?"

"तो नहीं काटेगा."

ठेकेदाराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अहो, कापून द्यायला काय जातंय? पैसे मी देतोय ना?"

"पैसा मत दो. लेकिन काटूंगी नहीं. लंबा नूडल, लंबी उमर. बर्थडे के दिन बच्चे की उमर काटने को बोलते? बाप हो ना?"

ठेकेदार लालबुंद. मला वाटलं आता ताट भिरकावतो. पण त्याच्या शेजारी त्याची म्हातारी आई बसली होती. ती म्हणाली, "गप ऱ्हाय रे. बाई चांगलंच सांगती की." मग म्हातारीनंच नातवाला एक नूडल तोंडात धरून शेवटपर्यंत ओढायला शिकवलं. पोरगं खुश. ती मंडळी नंतर कित्येक वर्षं त्या पोराच्या वाढदिवसाला येत राहिली. ठेकेदार आंटीशी बोलत नसे, पण यायचा.

माझ्या घरी सगळं सुरळीत होतं असं समजू नका. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, माझ्या हातचं पाणी प्यायच्या बंद झाल्या होत्या. शेजारणींनी सांगितलं होतं की तिथं बेडूक कापतात. आंटीकडं नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी गिऱ्हाईक बंद असायचं आणि कामावरच्या सगळ्यांना घरच्या माणसांसकट जेवण. त्यांच्यात हे वर्षातलं सगळ्यात मोठं जेवण; कुणी कितीही लांब असलं तरी त्या ताटावर घरी पोचायचं. पहिल्या वर्षी मी एकटी गेले. दुसऱ्या वर्षी आत्याबाई म्हणाल्या, "म्या बी येते. बघू दे तरी काय खाऊ घालतेत." फडक्यात स्वतःची भाकरी-चटणी बांधून घेतली.

आंटीनं आधी भिंतीवरच्या फोटोंपुढं ताटं मांडली. सासरा, नवरा, आई, छावणीतली ती आजी. भात, भरलं कारलं, कपात चहा, उदबत्त्या. हात जोडून उभी राहिली. आत्याबाई दाराशी उभ्या होत्या त्या पुढं सरकल्या.

"हे काय करती गं ही?"

मी विचारलं. आंटी म्हणाली, "उनका खाना पहले."

आत्याबाईंनी मान हलवली. "पितरं व्हय? मग नंतर कावळ्याला देती का?"

"कौवा नहीं," आंटी हसून म्हणाली. "थंडा हुआ तो हम ही खाते."

"हे बरंय," आत्याबाई म्हणाल्या. "आमचा कावळा तर लई वाट बघायला लावतोय."

मग त्या बसल्या. मधे जायकवाडीचा मासा होता, डोक्या-शेपटीसकट अख्खा, त्याला आत्याबाईंनी हात लावला नाही. पण बघत होत्या. वरची बाजू संपली तरी आंटीनं मासा उलटला नाही, मधला काटा अलगद काढून खालचं वाढलं. मासा उलटला तर होडी उलटते, अशी तिकडच्या कोळ्यांची भीती. आणि शेवटी थोडा मासा मुद्दाम ताटात ठेवला. "एवढा टाकला?" आत्याबाईंनी विचारलं. आंटीनं सांगितलं, चिनी भाषेत मासा आणि शिल्लक या दोन्हींना एकच उच्चार. वर्ष संपताना ताटात काही उरलं पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षीही उरेल. भाकरीचं गाठोडं सोडायचं राहूनच गेलं. भरलं कारलं आत्याबाईंनी दोनदा घेतलं. "मीठ कमी हाय," एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर ह्यांना म्हणाल्या, "जाऊ दे तिला कामाला. देवाधर्माची बाई हाय ती." आणि शेजारणीला दारात उभं करून असं काही सुनावलं की बेडकाचा विषय आमच्या गल्लीत पुन्हा निघाला नाही.

असे सण वर्षभर चालायचे. नव्या वर्षाच्या आठवडाभर आधी चुलीचा देव वर जातो आणि घरात वर्षभर काय काय चाललं ते सांगतो, म्हणून त्याच्या तसबिरीच्या तोंडाला चिकट गोड वडी लावायची. बोलला तर गोड बोलेल, नाहीतर तोंडच उघडणार नाही. त्या वडीला लागणारा चिकट तांदूळ आंटीची बहीण आसामहून पाठवायची. उन्हाळ्यात पानात बांधलेला भात उकडायचा. फार पूर्वी तिकडच्या एका मंत्र्यानं देश बुडताना बघवेना म्हणून नदीत उडी घेतली आणि माशांनी त्याचं शरीर खाऊ नये म्हणून लोकांनी नदीत भात टाकला, त्याची ती आठवण. आणि पावसाळा सरताना पौर्णिमेला चंद्राचे केक, यूसुफभाईंच्या भट्टीत भाजलेले. तिकडचं कमळबीज इथं कुठून आणणार? आम्ही लाल चवळी शिजवून साखर घालून पुरण करायचो. मधे खरं तर मिठात मुरवलेल्या अंड्याचा पिवळा बलक ठेवतात, चंद्र म्हणून. आमची बरीच गिऱ्हाइकं शाकाहारी, म्हणून मी केशर घातलेल्या खव्याची गोळी ठेवली. आंटीनं चाखली आणि म्हणाली, "चलेगा. चांद तो चांद है."

पोटापाण्याला मात्र मंचुरियन, चिली, लाल-पिवळा भात. मंचुरियन चीनमध्ये कुणी खात नाही, ते आपल्याच देशात जन्मलं. ते मी हजारो लोकांना खाऊ घातलं आणि त्यावर माझी मुलं शिकली. त्याची मला लाज वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की इतक्या वर्षांत चंद्राचा केक मागायला आलेली माणसं फार थोडी.

आंटीचे भाऊ एकेक करून टोरांटोला गेले. गुडघे गेले तेव्हा आंटीही गेली. जागेचा करार माझ्या नावावर करून दिला. जाताना म्हणाली, "अब अपना नाम लगाओ. सुमन भोजनालय." मी हो म्हटलं आणि केलं नाही. तिला खरंच जायचं होतं का, हे विचारायचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही. विमानतळावर ती चिकलठाण्याच्या धुळीकडं बघत होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पाटीचं प्रकरण झालं. चीनच्या सीमेवर दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर उभी होती, टीव्हीवर दिवसरात्र तेच. पितृपक्ष संपला आणि चार-पाच तरुण दुकानात आले. पुढं रोहन होता, आमच्याच भागातला, गणपतीची वर्गणी मागायला येणारा. उद्धट नव्हता.

"काकू, तुमच्याबद्दल आमचं काही नाही. तेवढी पाटी बदला."

"का रे?"

"चायनीज शब्द काढा. आणि ते नाव. मेलिन का काय ते."

"मग काय लिहू?"

"काहीही लिहा. आईचं जेवण लिहा. दिवाळीच्या आत झालं पाहिजे. नाहीतर पोरं ऐकणार नाहीत."

"पोरं म्हणजे तूच ना?"

तो पोरांना घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जागामालकांचा फोन, उगाच भानगड नको, रंगाचा खर्च मी देतो. हे म्हणाले, 'ओरिएंटल' लिहू, कुणाला कळतंय? सगळ्यांचं म्हणणं एकच, पाटीच तर आहे. मीही एकदा गल्लीत उभी राहून तिच्याकडं बघितलं. आंटीच्या नवऱ्यानं रंगवून घेतलेली, मेलिनमधला न जरा वाकडा. एक बाई, जिचं घर, दुकान, गाव सगळं एका दिवसात काढून घेतलं, तिचं नाव या देशात फक्त इथं लिहिलेलं होतं. ते मी स्वतःच्या हातानं पुसायचं?

यूसुफभाईंकडं गेले. त्यांना म्हटलं, या वर्षी त्यांचा चंद्राचा सण आणि आपली कोजागिरी एकाच सुमाराला आलीय. दरवर्षी येत नाही. त्यांचा अधिक महिना वेगळ्या साली येतो. कोजागिरीला मी दुकानासमोर टेबल मांडणार आणि केक ठेवणार. उघड्यावर. भट्टी द्याल का?

यूसुफभाईंनी हातांवरचं पीठ झटकलं. "भट्टी तुमची. जितके पाहिजे तितके भाजा. पण बाई, मला तुमच्या दाराशी उभं करू नका. मैं खडा रहा तो बात दुसरीच हुईंगी. समजतंय ना?"

समजत होतं. त्यांना बोलावं लागलं याचंच मला वाईट वाटलं.

आंटीला मी सांगणार नव्हते, पण माझ्या मुलीनं फोनवर सांगून टाकलं. आंटीचा लगेच व्हिडिओ कॉल. पाठीमागच्या खिडकीत पिवळी पानं. चेहरा इतका लहान झालेला.

"सुमन, उतार दे उसको."

"नाही उतरवणार, आंटी."

"पागल मत बन. लकडी है, रंग है. मैं बोलती ना. मेरा नाम है, मैं बोलती निकाल दे." "तू ने देखा नहीं है. मैंने देखा है. वो लोग आते हैं तो पूछते नहीं."

मी तिला कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "आंटी, तुम्ही घाबरा. तुमचा हक्क आहे. पण माझ्याकडं कुणी कागद मागणार नाही. मला कुणी गाडीत घालून नेणार नाही. माझा बाप, आजा, पणजा सगळे इथल्या मातीत गेले. ही पाटी टिकवायला तुम्हाला कधी जमलं नसतं. मला जमेल, मग मी नाही करायचं तर कुणी करायचं?"

ती फोन चालू ठेवूनच उठून गेली. मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसले.

कोजागिरीला ऊन कलताना मी टेबल मांडलं. पांढरी चादर, केकची परात, शेजारी आपलं मसाला दूध. एका पुठ्ठ्यावर लिहिलं की अमर होण्याचं औषध पिऊन एक बाई चंद्रावर उडून गेली, तिचा नवरा तिच्या आवडीचं खाणं चंद्रासमोर मांडून ठेवायचा, त्याचे हे केक. आणि खाली लिहिलं की तिच्या सोबतीला तिथं ससा असतो. आपण मुलाचं नाव शशांक ठेवतो तोच ससा. मग स्टूल घेतलं आणि पाटीखाली बसले.

टेबल मांडल्याचं कळलं आणि ते आले. या वेळी जास्त जण, रोहनच्या हातात काळ्या रंगाचा डबा. गल्ली थांबली. रोहन म्हणाला, "काकू, बाजूला व्हा."

"नाही."

"आम्हाला तुमच्यावर रंग टाकायचा नाहीये."

"मग टाकू नको. रंग टाकायचा तर माझ्यावरूनच जाईल."

त्यानं डबा खाली घेतला. खरं सांगते, तो परत गेला असता. पण मागच्या कुणीतरी डबा ओढून घेतला आणि रंग फेकला. पाटीवर बसला, तिथून ओघळून माझ्या डोक्यावर, पातळावर, चादरीवर, परातीत. तेलाचा रंग, डोळे चुरचुरायला लागले.

थोर माणसं अशा वेळी शांत राहतात म्हणे. मी शिव्या दिल्या. वैजापूरच्या बाजारात कांद्याचा भाव पाडल्यावर बाया देतात तसल्या. त्या अंकात छापता येणार नाहीत. गल्लीतली माणसं तोंडावर हात ठेवून ऐकत होती.

माझा श्वास संपल्यावर रोहन म्हणाला, "त्या चिनी बाईसाठी एवढं?"

"तिच्यासाठी नाही रे. माझ्यासाठी. माझ्या घरात चूल बंद होती तेव्हा तिनं हात धरला. तुमच्यापैकी कुणाचा बाप आला नव्हता. हे नाव माझ्या कष्टाचं आहे. तू देशाचं बोलतोस ना? मग सीमेवर जा. माझ्या डोक्यावर रंग टाकून कोणती चौकी घेतलीस?"

ते गेले. एकेक करून, डबा तिथंच टाकून. मी उठले नाही. तेवढ्यात बेकरीतून यूसुफभाई बाहेर आले. रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन. उभं करू नका म्हणाले होते ते. सगळ्या गल्लीसमोर माझ्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "डोळे मिटा, बाई." माझ्या कपाळावरचा रंग पुसला. मग आत जाऊन केकची दुसरी परात आणली, भट्टीत उरलेली.

त्या संध्याकाळी फार लोक आले नाहीत. विद्यापीठातल्या दोन मुली, समोरचा कापडवाला, जो इतक्या वर्षांत कधी आत आला नव्हता, आणि काही नुसते बघे. मी काळ्या पातळातच वाढलं. सकाळी पेंटर बोलावला. तो म्हणाला, "नाव तेच?" म्हटलं, "तेच. अक्षरं मोठी कर."

जिंकले असं नाही. जागामालकांनी करार संपल्यावर वाढवला नाही. औरंगपुरा सुटला, लाल दार सुटलं, यूसुफभाईंची भट्टी लांब पडली. चिकलठाण्याला कारखान्यांच्या रस्त्यावर लहानसं दुकान घेतलं. पाटी आधी लावली, चूल मागून. त्याच हिवाळ्यात टोरांटोत आंटी वारली. कोजागिरीनंतर आम्ही बोललो होतो, पण पाटीचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही नाही.

मग पुन्हा सीमेवर झालं, आणि या वेळी आपले जवान गेले. त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही, दाराशी दिवा लावला. माझ्या चुलतभावाचा मुलगा फौजेत आहे; मला कुणी शिकवायला नको. दुसऱ्या दिवशी उघडलं. दुपारी मोटारसायकलवरून काही जण आले. ओळखीचं कुणी नव्हतं. पाटीखाली उभं राहून त्यातल्या एकानं मोठ्यानं विचारलं, "ही मेलिन कोण? कुठली चिनी बाई आहे? बोलवा तिला बाहेर."

मी आत कांद्याची पात चिरत होते. सुरी खाली ठेवली, हात धुतले, बाहेर आले.

"मी मेलिन," म्हटलं. "वैजापूरची. बोल."